दुसऱ्या कडेवर

फार फार जुनी गोष्ट आहे, बाळांनो. इतकी जुनी, की तेव्हा गावाला राजाचं नाव ठाऊक नव्हतं आणि राजाला गावाचं. दोघांचंही त्यावाचून बरं चाललं होतं.

डोंगराच्या माथ्यावर एक गाव होतं. ज्वारी पिकायची, तूर पिकायची, गाईम्हशी दूध द्यायच्या, विहिरीला बारा महिने पाणी. देवाने त्या गावाला सगळं दिलं होतं, एक मीठ तेवढं द्यायचं राहिलं होतं.

मीठ यायचं खालून, समुद्रावरून. पळस फुलला की घाटाच्या वळणावर बैलांच्या घंटा वाजायच्या आणि पोरं ओरडत सुटायची, "मीठवाले आले! मीठवाले आले!"

समुद्राकाठची ती माणसं रंगाने काळी होती. पावसाने धुतलेला कातळ कसा काळाभोर आणि तुकतुकीत दिसतो, तशी. डोंगरावरची माणसं गव्हाळ. यात कोणाचं काही अडत नव्हतं. ते गोणीभर मीठ द्यायचे, हे गोणीभर ज्वारी द्यायचे. सगळ्यांची चूल पेटायची.

पण मीठवाल्यांची एक रीत होती. आल्या आल्या ते गोणी सोडत नसत. गावातलं जे सगळ्यांत नवं बोलू लागलेलं लेकरू असेल, त्याला चावडीपुढे आणायचं. मीठवाल्यांमधली जुनी बाई तळहातावर मिठाचा एक खडा घेऊन पुढे यायची. लेकराने तो खडा उचलून जिभेला लावला, की झालं. मग गोणी सुटायच्या, मापं निघायची, गलका व्हायचा. गावाला वाटे, हा शकुन आहे. कोणी कधी विचारलं नाही की असं का.

त्या गावच्या पाटलाच्या आईला सगळे मोठी आई म्हणत. कडक बाई. पण मनाने मऊ. दारी आलेला माणूस उपाशी पाठवला नाही तिने कधी. मीठवाल्यांसाठी तर तिनेच सांगून गावाबाहेर चिंचेखाली एक छप्पर घालून घेतलं होतं. पूर्वी ते कोणाच्या अंगणात, कोणाच्या ओसरीवर पथाऱ्या टाकायचे. "बिचाऱ्यांची गैरसोय होते, बैल बांधायला जागा नसते," असं ती म्हणाली आणि छप्पर झालं. चांगलं मोठं, शाकारलेलं. गावाने तिचं कौतुक केलं. मीठवाल्यांनी त्या वर्षी छप्पर पाहिलं, मान डोलावली आणि जुन्या अंगणांकडे एकदा पाहून तिथे सामान उतरवलं.

ज्या सालची ही गोष्ट, त्या साली नवं बोलू लागलेलं लेकरू पाटलाच्याच घरात होतं. तानी. मोठ्या आईची नात. दिवसभर आजीच्या कडेवर आणि तोंडाचा पट्टा चालू. "हे काय? ते का? बैल का रडत नाही?" मोठ्या आईला तिचं कोण कौतुक! मीठवाल्यांच्या घंटा ऐकल्या तशी तिने तानीला न्हाऊमाखू घातलं, डोळ्यांत काजळ घातलं आणि कडेवर घेऊन ऐटीत चावडीपुढे गेली.

मीठवाल्यांची जुनी बाई पुढे आली. केस पांढरे, हात राठ, डोळे हसरे. तिने तळहात पुढे केला. त्यावर मिठाचा खडा उन्हात चमकत होता.

तानीने खड्याकडे पाहिलं. हाताकडे पाहिलं. मग वर तोंडाकडे पाहिलं, आणि आजीच्या मानेत तोंड खुपसून किंचाळली, "नको! ती चावेल!"

चावडीपुढे कोणी तरी खुदकन हसलं. मग कोणीच हसेना.

"अगं घे, सोनू," मोठी आई म्हणाली आणि तिचा हात धरून पुढे करू लागली. तानीने हात मागे ओढला, पाय झाडले, रडून रडून लाल झाली.

मीठवाली रागावली नाही. तिने हळूच मूठ मिटली आणि मागे वळून म्हणाली, "बांधा रे गोणी."

पाटलाचं तोंड उतरलं. "अहो बाई, लेकराचं काय मनावर घेता? आमच्यापैकी कोणी एक वावगा शब्द बोललं का तुम्हाला? कधी तरी बोललं का?"

"नाही बोललात," मीठवाली म्हणाली. "मोठ्या माणसाला गोड बोलता येतं, पाटील. म्हणून तर आम्ही लेकराला विचारतो. घरात दार लावल्यावर आमच्याबद्दल काय चालतं, ते आम्हाला कसं कळणार? लेकराला कळतं. गेली काही वर्षं लेकरं खडा घेत होती, पण पाठीमागून आईचा हात ढकलत होता. आम्ही म्हटलं, असू दे. या वर्षी ढकलूनही हात पुढे येत नाही. अशा गावात बैल मोकळे सोडायला आमची माणसं भितात."

"मग मीठ?"

"वरच्या गावांना जाऊ. चंद्र भरला की याच वाटेने परत येऊ, तेव्हा पुन्हा विचारू. लेकराने घेतलं तर उरलेल्या गोणी इथे सोडू. नाही घेतलं तर खाली घरी जाऊ. रीत आहे, बाबा. मी नाही केली."

घंटा वाजत वाजत मीठवाले निघून गेले. ती जुनी बाई तेवढी मागे राहिली. तिच्या बैलाच्या खुरात गारगोटी रुतून तो लंगडत होता. ती त्याला घेऊन चिंचेखालच्या छपरात गेली.

आता गावात काय झालं असेल, सांगा बरं. घराघरांतल्या मिठाच्या बरण्या वर्षअखेरीला आल्या होत्या. बायकांनी तळ खरवडले. कैऱ्या धरायला लागल्या होत्या, मिठावाचून लोणचं कसं घालणार? आणि लोणचं राहू दे, आमटी तरी कशी करणार? चार दिवसांत गावाच्या जिभा आळणी झाल्या. पिठलं घशाखाली उतरेना. गाई गव्हाणीचं लाकूड चाटू लागल्या. एक म्हातारबुवा तर भाकरी पुढ्यात घेऊन म्हणाले, "आता रडावंच म्हणतो, निदान अश्रू तरी खारट असतात."

आणि गावाचं बोट वळलं तानीकडे. बोटं वळायला वेळ कुठे लागतो! एवढ्याशा पोरीने गावाचं मीठ तोडलं, असं लोक बोलू लागले. मग विहिरीवर चौकशी सुरू झाली, की पोरीला हे शिकवलं कोणी?

"मी नाही बाई. मी त्यांचं नावसुद्धा काढत नाही घरात."

"माझ्या तोंडून कधी वाईट शब्द आला असेल तर जीभ झडो."

"तिच्या आईनेच भरवलं असेल काही."

तानीची आई रडतच घरी आली. "आत्याबाई, देवाशपथ सांगते, मी काही म्हटलं नाही."

"मला माहीत आहे, सूनबाई," मोठी आई म्हणाली. "आपल्या घरात कोणी असलं बोलत नाही. पोर आपोआप भ्याली. तिला आपण शिकवू."

मग सुरू झालं शिकवणं. सकाळ-संध्याकाळ तानीला पाटावर बसवायचं आणि म्हणायला लावायचं, "मीठवाले चांगले आहेत." एकदा म्हटलं की गुळाचा खडा. तानी भलती हुशार. ती दिवसातून कितीदा तरी येऊन "मीठवाले चांगले आहेत" म्हणायची आणि हात पसरायची. गुळाची ढेप अर्धी झाली. पण चिंचेकडून बैलाची घंटा वाजली, की ती दाराआड.

शेवटी सुनेला एक युक्ती सुचली. तव्याखालची काजळी तिने तोंडाला फासली, हातांना फासली, लुगडं मीठवालीसारखं गुडघ्याशी खोचलं आणि घोगरा आवाज काढून म्हणाली, "हं पोरी, मी मीठवाली. दे हात!"

तानी आधी खदाखदा हसली. मग आईचे पांढरेफेक डोळे पाहून आणि तो आवाज ऐकून अशी भेदरली, की घर डोक्यावर घेतलं. मोठी आई एकीकडे नातीला थोपटतेय, एकीकडे सुनेला ओरडतेय, आणि तेवढ्यात दारातून आवाज आला, "विस्तव मिळेल का जरा? बैलाला शेक द्यायचाय."

दारात तीच मीठवाली म्हातारी उभी होती. हातात खापर.

सून होती तिथेच थिजली. काजळी फासलेल्या तोंडावर शरमेचा घाम फुटला आणि ओघळ आले.

म्हातारीने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग हसली. "सूनबाई, धू ते तोंड. माझं मला पुरे आहे. आणि माझा आवाज असला का गं? असला असता तर बैल कधीच सोडून गेले असते मला."

मोठ्या आईने खापरात निखारे घातले. म्हातारी निघाली. पण अंगणाच्या फाटकापाशी वळताना तिचं हसू कुठल्या कुठे गेलेलं मोठ्या आईने पाहिलं. ते काही तिच्या डोळ्यांपुढून जाईना.

दुसऱ्या दिवशी मोठी आई तानीला कडेवर घेऊन विहिरीकडे चालली होती. वाट अरुंद, एका बाजूला निवडुंगाचं कुंपण. समोरून मीठवाली बैलाला हळूहळू चालवत येत होती. मोठ्या आईने तिला पाहिलं, मान हलवली, तोंडभर हसली आणि म्हणाली, "कसा आहे बैल?"

"बराय आता," म्हणत मीठवाली पुढे गेली.

तेवढ्यात तानी म्हणाली, "आजी, दुखतंय. किती आवळतेस!"

"कुठे गं आवळलं?"

"आत्ता. नेहमी आवळतेस."

मोठ्या आईने खाली पाहिलं. घरून निघताना तानी उजव्या कडेवर होती, वाटेच्या बाजूला. आता ती डाव्या कडेवर होती, निवडुंगाच्या बाजूला. तिला कधी इकडून तिकडे घेतलं, हे मोठ्या आईला आठवेना. आणि तिची बोटं नातीच्या मांडीत इतकी रुतली होती, की तिथे पांढरे ठसे उमटले होते.

"मी तुला नेहमी असं घेते?"

"हो. मीठवाले आले की घेतेस," तानी म्हणाली. "आणि भुंकणारा कुत्रा आला की घेतेस. आणि बैल उधळला तेव्हा घेतलंस."

"आणि कुंभारकाका आले की?"

तानीला प्रश्नच वेड्यासारखा वाटला. "नाही! कुंभारकाका कुठे चावतात?"

मोठी आई तिथेच वाटेत बसली. कळशी कलंडली, तिकडे तिचं लक्ष नव्हतं.

तिला आठवलं, ती या गावात नवी सून म्हणून आली, तेव्हा तिची थोरली जाऊ असंच करायची. मीठवाले दिसले की मूल दुसऱ्या कडेवर. सासूही करायची. का, ते कोणी सांगितलं नाही, हिनेही विचारलं नाही. चुलीला पाय लावू नये, तसंच हेही असेल म्हणून ती करू लागली. पुढे तिचा हात ते आपलं आपण करू लागला. पाटील लहान असताना तिने त्यालाही असंच घेतलं असणार. तोंडाने ती गोड बोलत राहिली आणि हात पोराच्या अंगावर वेगळंच सांगत राहिला.

आणि त्याही आधीचं आठवलं. माहेरी, ती तानीएवढी असताना, अंगणात मीठवाल्यांची पथारी पडायची. एका मीठवालीच्या मांडीवर बसून ती शिंपल्यांचा खुळखुळा वाजवायची. त्या बाईच्या अंगाला ओल्या दोरखंडासारखा वास यायचा. तिला तो आवडायचा. इतकी वर्षं तो वास कुठे गेला होता?

ती उठली. कळशी तिथेच ठेवून, तानीला घेऊन सरळ चिंचेखाली गेली. मीठवाली बैलाच्या खुराला हळदतेल लावत होती.

मोठी आई तिच्यापुढे मातीत बसली. "बाई, पोरीला कोणी शिकवलं ते सापडलं मला," ती म्हणाली. "मी शिकवलं."

आणि कडेवरची सगळी हकिगत तिने सांगून टाकली. कुत्र्याचंही. सांगताना तिची मान वर होत नव्हती.

मीठवालीने बैलाचा खूर हळूच खाली ठेवला. मग म्हणाली, "माझीही एक नात आहे. एवढीच. मागल्या खेपेला हट्टाने बरोबर आली होती. विहिरीवर तुम्हाला भेटलो होतो आम्ही. खाली घरी गेल्यावर तिने विचारलं, आजी, आपण आलो की ती बाई पोर का लपवते? मी काय सांगणार? या वर्षी ये म्हटलं तर नाही आली."

मोठ्या आईच्या डोळ्यांना धार लागली. "मग आता मी काय करू? तानीला काय शिकवू?"

"तिला काही शिकवू नका. तिचं काही चुकलेलं नाही. तुमच्या हातावर जे होतं ते तिने नीट वाचलं. गुणी पोर आहे." मीठवालीने तेलाची वाटी पुढे केली. "तुम्हीच या रोज. बैलाचा पाय धरायला मला माणूस पाहिजेच."

मोठ्या आईने वाटी घेतली. घेता घेता थांबली. "इतकी वर्षं तुझं मीठ खाल्लं. तुझं नाव काय गं?"

"समिंद्रा. आणि तुमचं?"

मोठी आई गडबडली. कितीतरी वर्षांत कोणी विचारलं नव्हतं. "सगुणा," ती म्हणाली आणि नव्या सुनेसारखी लाजली.

मग रोज भाकरी बांधून सगुणा चिंचेखाली जाऊ लागली. दोघी म्हाताऱ्या बैलाचा पाय धुवायच्या, शेकायच्या, आणि एका फडक्यावर भाकरी ठेवून जेवायच्या. समिंद्राच्या कनवटीला मिठाची पुरचुंडी असायची. ती दोघींच्या कांद्यावर चिमूट चिमूट टाकायची. आळणी गावात तेवढ्या दोघींच्या कांद्याला चव होती! एका चिमटीने जेवण असं उजळतं, हे सगुणाने जन्मभर खाऊनही पाहिलं नव्हतं. प्रत्येक घासाला तिला भरून यायचं. ज्या हातांनी हे एवढ्या लांबून, एवढा घाट चढून आणलं, त्यांना तिने कधी बसायला पाटसुद्धा दिला नव्हता.

तानी आधी लांब, चिंचेच्या बुंध्यामागे बसायची. तिला कोणी बोलावलं नाही, गूळ दाखवला नाही. दोघी आपल्या गप्पांत.

"सगुणा, तुझी भाकरी करपलीय."

"तुझ्या बैलामुळे. त्याच्यासाठी पाणी तापवत बसले."

"बैलाच्या नावावर खपवू नकोस!"

आजी हसली की तानी मान काढून बघायची. आजीचे हात सैल होते, खांदे सैल होते. मग ती बुंध्याच्या अलीकडे आली. मग बैलाजवळ आली. बैल समिंद्राच्या तळहातावरचं मीठ खरखरीत जिभेने चाटायचा, ते तिला फार आवडलं. तो चावत नव्हता. आणि ती बाईही चावत नव्हती.

पण एक सांगते, खोटं नाही बोलणार. कळलं म्हणून हात लगेच ऐकत नाही. परतताना अरुंद वाटेवर समिंद्रा शेजारून चालू लागली, की सगुणाचा हात जुन्या सवयीने तानीला उचलून पलीकडे न्यायला निघायचा. मग ती दात आवळून त्याला थांबवायची. कपाळाला घाम यायचा. तानीला वाटेच्या बाजूच्या कडेवरच ठेवायचं, एवढी साधी गोष्ट तिला शेत नांगरण्यासारखी जड जायची. तरी ती रोज नांगरायची.

घरी तानीला जेवू घालताना ती नेहमीसारखे घास मोजायची. हा घास गाईचा, हा घास आबांचा, हा घास चांदोमामाचा. एका रात्री तानीने तोंड उघडायच्या आधी बोट वर केलं. "हा समिंद्राआजीचा." सगुणाचा हात घास घेतलेला तसाच थांबला. मग तिने तो भरवला. तिने पदर डोळ्यांना लावला, तर तानी म्हणाली, "रडतेस का? मीठ नाही म्हणून?"

चंद्र भरला. घाटाच्या वरच्या वळणावर घंटा वाजल्या आणि अख्खं गाव चावडीपुढे जमलं. ज्यांनी पोरीकडे बोट दाखवलं होतं, तेही हात जोडून उभे होते.

मीठवाले आले. रीतीप्रमाणे समिंद्रा त्यांच्या पुढे जाऊन उभी राहिली. बैल तिच्या शेजारी, आता चारी पायांवर. तिने तळहात पुढे केला.

रीतीप्रमाणे लेकरू आईच्या नाहीतर आजीच्या कडेवर असायचं. सगुणाने तानीला खाली उतरवलं.

"आत्याबाई!" सून घाबरून कुजबुजली. "धरा तिला!"

"नाही धरत," सगुणा म्हणाली आणि दोन्ही हात पाठीमागे घेतले.

तानी एकटी उभी. एवढीशी. तिने वळून आजीकडे पाहिलं. आजीचे हात कुठे दिसेनात. मग ती पुढे वळली आणि तुरुतुरु चालत समिंद्रापाशी गेली. तानीने खड्याकडे पाहिलंच नाही. वर तोंड करून विचारलं, "याचा पाय बरा झाला?"

"झाला की. तुझ्या आजीने बरा केला."

"मी पण फुंकर घातली होती."

"तेच तर औषध लागलं."

मग तानीने खडा उचलला, जिभेला लावला आणि सगळं तोंड वाकडं केलं. "खारट!"

अख्खं गाव हसलं. पाटील हसता हसता डोळे पुसू लागला. तानीने तो ओला खडा बैलापुढे धरला, आणि बैलाने एका चाटणीत तो गट्ट केला.

"बघा," समिंद्रा आपल्या माणसांना म्हणाली, "या गावात बैलसुद्धा मोकळा सोडता येईल. सोडा रे गोणी!"

काय तो आनंद! मापं निघाली, धान्य आलं, त्या संध्याकाळी प्रत्येक चुलीवर आमटी अशी उकळली, की वास घाटाखालपर्यंत गेला असेल. मीठवाले छपराकडे निघाले तर सगुणा वाटेत आडवी उभी राहिली. "छपरात आता कडबा ठेवलाय," ती म्हणाली. "तुम्ही घरोघरी चला." त्या रात्री अंगणाअंगणांत पथाऱ्या पडल्या. आणि पाटलाच्या ओसरीवर पहिलं पान समिंद्राचं वाढलं. सगुणाने तिच्या पानात चिमूटभर मीठ घातलं आणि म्हणाली, "तुझंच तुला वाढतेय, समिंद्रा. पण आज कोणाचं वाढतेय ते ठाऊक आहे. तुझे उपकार फिटायचे नाहीत, आणि फिटावेत असं मला वाटतही नाही. राहू देत. तेवढ्याने आपण एकमेकींच्या राहू."

"आणि या पोरीचे उपकार?" समिंद्राने विचारलं.

"तिचे तर पहिले," सगुणा म्हणाली. "ती रडली नसती, तर मी अशीच गोड बोलत मेले असते."

पुढल्या साली पळस फुलला. घंटा वाजल्या. समिंद्राच्या बैलावर, गोणींच्या मधे, एक काळीसावळी चिमुरडी बसली होती. हातात शिंपल्यांचा खुळखुळा. बैलावरून तिने सगळ्या बायकांच्या हातांकडे एकेक करून नीट पाहिलं. तानी विहिरीपासून धावत सुटली ती थेट बैलापाशी. "उतर ना! खाली उतर! आमच्याकडे कुत्र्याला पिल्लं झालीत!" आणि दोघी कुठल्या कुठे पळाल्या. दोन्ही आज्या हाका मारत राहिल्या.

त्या गावात अजून ती चाल आहे, म्हणतात. मीठवाले दिसले की बाया मूल दुसऱ्या कडेवर घेतात. पलीकडच्या नाही हं. वाटेच्या बाजूच्या. म्हणजे लेकराला आलेली माणसं नीट दिसावीत, आणि आलेल्या माणसांना लेकरू.

तर बाळांनो, आणि बाळांच्या आयांनो, आज जेवताना मीठ जिभेला लागलं, की ज्यांच्या हातांनी ते आलं त्यांची आठवण काढा, आणि एवढं ध्यानात ठेवा:

परक्या रंगाच्या माणसाला भ्यायचं की त्याच्याशी हसायचं, हे लेकरू आपल्या बोलण्यातून नाही, त्याला धरलेल्या आपल्या हातातून शिकतं. म्हणून आधी आपला हात सैल करावा.